बदललेल्या किडनीतली जनुकं काय सांगतात, आणि गोळ्या त्यांना काय सांगतात

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या घरात दोन आकडे सगळ्यांना पाठ असतात: क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) आणि टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची रक्तातली लेव्हल. पहिला चढला की धास्ती, दुसरा घसरला की धास्ती. आता त्यात तिसरी भर पडते आहे. बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेला किडनीचा, तुकडा नेहमीच्या पॅथॉलॉजीबरोबर ‘मॉलिक्युलर’ तपासणीलाही पाठवू या, असं डॉक्टर कधीकधी सुचवतात. मग रिपोर्टमध्ये जनुकांची नावं आणि आलेख येतात, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. जनुकं तर जन्माच्या आधीच ठरलेली. किडनी दात्याची, जनुकंही दात्याचीच. मग ती तपासून आज किडनीला काय होतंय हे कळणार कसं?

शंका रास्त आहे. या तपासणीत जनुकं कोणती आहेत हे पाहतच नाहीत. त्यातली कोणती चालू आहेत आणि किती जोरात, हे पाहतात.

जनुक असणं वेगळं, जनुक वाजणं वेगळं

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० जनुकं असतात. डोळ्याच्या पेशीत असतात तीच किडनीच्या पेशीतही. तरी डोळा लघवी तयार करत नाही, कारण प्रत्येक पेशी त्यातली आपल्या कामापुरतीच जनुकं वापरते. हे पेटीसारखं आहे. पट्ट्या सगळ्या पेट्यांना सारख्याच, पण कोणत्या दाबल्या जातात त्यावर सूर ठरतो. पट्ट्या मोजून राग कळत नाही, ऐकावं लागतं.

जनुक चालू झालं की पेशी त्याची एक तात्पुरती नक्कल काढते. तिला आरएनए म्हणतात, आणि या नकलेवरून प्रथिन बनतं. एखाद्या जनुकाच्या नकला भरपूर सापडल्या तर ते जोरात चालू आहे, एकही सापडली नाही तर गप्प आहे. ‘जनुकांची सक्रियता’ म्हणजे एवढंच. मूळ जनुक जन्मभर तेच राहतं, नकलांची संख्या मात्र काही तासांतही बदलू शकते. म्हणूनच त्यातून आजची अवस्था कळते.

एका तुकड्यात दोन माणसं

बायोप्सीच्या सुईने निघणारा तुकडा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब असतो. एवढ्याशा तुकड्यात दोन माणसांच्या पेशी असतात. गाळण्या, नलिका आणि त्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं अस्तर दात्याचं. तिथे शिरलेल्या पांढऱ्या पेशी बहुतांशी रुग्णाच्या. दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असेल, तर वाय गुणसूत्र असलेल्या पेशी म्हणजे बाहेरून आलेली मंडळी, हे सरळ ओळखता येतं. एकेक पेशी सुटी करून तिचा आरएनए वाचण्याचं तंत्र आल्यापासून ही वाटणी फार बारकाईने करता येते.

इथेच आणखी एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. दात्याची जनुकं रुग्णाच्या अंगात मिसळत नाहीत. स्वभाव बदलत नाही, पुढे होणाऱ्या मुलांत काही उतरत नाही. दोन्ही जनुकसंच शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांवर प्रतिक्रिया देत राहतात. सगळा मामला त्या प्रतिक्रियेचाच आहे.

रिजेक्शन नसतानाही गोंगाट

किडनी दात्याच्या शरीरातून निघाली की तिचा रक्तपुरवठा थांबतो. रुग्णाच्या शरीरात रक्त पुन्हा सुरू झालं की ऑक्सिजनच्या अचानक लोंढ्याने आणखी इजा होते. या इजेला किडनीच्या नलिका लगेच उत्तर देतात. निरोगी किडनीत जवळपास गप्प असणारं ‘किम-१’ नावाच्या प्रथिनाचं जनुक खडबडून जागं होतं, ‘एनगॅल’चंही वर जातं. त्याच वेळी क्षार आणि साखर परत शोषून घेणाऱ्या प्रथिनांची जनुकं, म्हणजे किडनीची रोजची नोकरी, मंदावतात.

हे रिजेक्शन, म्हणजे प्रतिकारशक्तीने परक्या किडनीला दिलेला नकार, नव्हे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या पथकाने एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती टिकली, कारण दोघे एकसारखे जुळे होते आणि नकार द्यायला प्रतिकारशक्तीकडे कारणच नव्हतं. रक्तपुरवठा तुटल्याची इजा मात्र अशा किडनीलाही चुकत नाही. त्यामुळे मॉलिक्युलर रिपोर्टमध्ये ‘इजेची जनुकं वाढली आहेत’ असं दिसलं की लगेच हातपाय गाळू नयेत. किडनीला त्रास झालाय एवढंच त्याने कळतं. तो कुणी दिला हे कळायला दुसरी जनुकं बघावी लागतात.

दात्याची किडनी परकी आहे हे रुग्णाच्या टी पेशींनी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ओळखलं की चित्र बदलतं. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्याच्या प्रभावाने किडनीतल्या पेशी सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० ही जनुकं चालू करतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं आणखी टी पेशींना तिकडे खेचून आणतात. म्हणजे हल्ला होत असलेला अवयव स्वतःच हल्लेखोरांची गर्दी वाढवतो. आलेल्या पेशींत पर्फोरिन आणि ग्रॅन्झाइम-बी यांची जनुकं जोरात असतात. पहिलं समोरच्या पेशीच्या आवरणाला भोक पाडतं, दुसरं त्यातून आत जाऊन तिला मारतं.

रिजेक्शनचा दुसरा प्रकार अँटिबॉडींमुळे होतो. त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, म्हणून तिथे अस्तराची आणि ‘नॅचरल किलर’ पेशींची जनुकं वर येतात. दोन्ही प्रकारांत क्रिएटिनिन वाढू शकतं, पण उपचार सारखे नाहीत.

मायक्रोस्कोप आहे की, मग हे कशाला?

मायक्रोस्कोप आहेच, आणि तो जाणारही नाही. १९९१ साली कॅनडातल्या बॅन्फ गावी पॅथॉलॉजिस्ट आणि ट्रान्सप्लांटचे डॉक्टर जमले आणि बायोप्सी कशी वाचायची याची सामाईक पद्धत ठरवायला त्यांनी सुरुवात केली. आजही जगभरातले रिपोर्ट ‘बॅन्फ’ पद्धतीनेच लिहिले जातात. सूज किती, नलिकांत पांढऱ्या पेशी किती, केशवाहिन्यांत किती, अशा प्रत्येक गोष्टीला शून्य ते तीन गुण.

अडचण गुणांच्या सीमेवर येते. एकच काच (तुकड्याची स्लाइड) एक पॅथॉलॉजिस्ट एक गुण देऊन बाजूला ठेवतो, दुसरा दोन देतो, आणि तेवढ्याने ‘रिजेक्शन नाही’चं ‘संशयास्पद’ होतं. शिवाय सूज कशामुळे आहे हे काच नेहमी सांगत नाही. २००३ साली मिनी सरवाल आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या बदललेल्या किडन्यांमधल्या हजारो जनुकांची सक्रियता एकदम मोजली, तेव्हा नेहमीच्या तपासणीत सारख्या वाटणाऱ्या रिजेक्शनचे जनुकांच्या भाषेत वेगवेगळे गट निघाले. एका गटात बी पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कुळाची, जनुकं ठळक होती, आणि त्या किडन्या स्टेरॉइडला नीट दाद देत नव्हत्या. हा फरक आधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

पुढे कॅनडातल्याच एडमंटनमध्ये फिलिप हॅलोरन यांच्या गटाने बायोप्सीचा आरएनए वाचून कॉम्प्युटरकडून निदानाचा अंदाज घेण्याची पद्धत उभी केली. २०१३ च्या बॅन्फ बैठकीनंतर अँटिबॉडींमुळे होणाऱ्या रिजेक्शनच्या निकषांत जनुकांच्या पुराव्याला अधिकृत जागा मिळाली. २०१९ च्या बैठकीनंतर ७७० जनुकांची एक ठरावीक यादीही आली. पॅथॉलॉजीत मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांवरही ती वापरता येते. माझ्या मते ही फार मोठी सोय आहे. काही वर्षांपूर्वीच्या बायोप्सी काढून त्या किडन्यांचं पुढे काय झालं याच्याशी ताडून पाहता येतात, आणि त्यासाठी कुणाला नव्याने सुई टोचावी लागत नाही.

गोळ्या नेमकं करतात काय

‘प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण दाबतात म्हणजे काय? यातली बरीचशी औषधं पेशीला आपली जनुकं नीट वापरू देत नाहीत.

टी पेशीला परकी पेशी दिसली की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. त्याने कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं. ते एनफॅट नावाच्या प्रथिनाला मोकळं करतं, एनफॅट पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि इंटरल्यूकिन-२ चं जनुक चालू करतं. इंटरल्यूकिन-२ मिळालं की टी पेशींची संख्या भराभर वाढते. टॅक्रोलिमस या साखळीत कॅल्सिन्युरिनवर बसतं. परकं दिसलं हे पेशीला कळतं, पण तिचा हुकूम केंद्रकापर्यंत पोचत नाही. सायक्लोस्पोरिनही हेच करतं, फक्त पेशीतल्या दुसऱ्या प्रथिनाचा हात धरून. सायक्लोस्पोरिन मातीतल्या बुरशीतून सापडलं, टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून. ट्रान्सप्लांटचं सगळं शास्त्र मातीतून उगवलंय म्हणायला हरकत नाही, कारण सिरोलिमस हे आणखी एक औषधही ईस्टर बेटावरच्या मातीतलंच.

स्टेरॉइडचा मार्ग आणखी थेट. ते पेशीत शिरतं, आपल्या ग्राहक-प्रथिनाला जोडलं जातं आणि जोडीने केंद्रकात जातं. तिथे सुजेची अनेक जनुकं मंद होतात आणि दुसरी काही चढतात. यकृतात साखर तयार करणारी जनुकं त्यातलीच, म्हणून स्टेरॉइडवर असताना साखर वाढते. मायकोफेनोलेट जनुकांना हात लावत नाही, ते डीएनए बनवायचा कच्चा माल तोडतं. तो माल नव्याने तयार करण्यावर टी आणि बी पेशी इतर पेशींपेक्षा जास्त विसंबून असतात, त्यामुळे त्यांचीच वाढ मुख्यतः अडते.

यातली एकही गोळी जनुक बदलत नाही. हुकूम अडवते किंवा आवाज कमी-जास्त करते. गोळी चुकली की हळूहळू तो हुकूम पुन्हा पोचायला लागतो.

तीच गोळी, किडनीच्या आत

कॅल्सिन्युरिन फक्त टी पेशींत असतं तर काय हवं होतं! ते शरीरभर आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही धड राहण्यासाठी कॅल्सिन्युरिन-एनफॅटची साखळी लागते. ट्रान्सप्लांटनंतर नव्याने मधुमेह लागण्याचं ते एक कारण. सायक्लोस्पोरिनने अंगावर केस वाढतात, त्याचंही मूळ इथेच दिसतं: उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं की केसांच्या मुळाशी निद्रिस्त पडलेल्या पेशींना एनफॅट झोपवून ठेवतं, आणि औषधाने ते अडलं की त्या जाग्या होतात.

किडनीत परिणाम सर्वांत बोचरा. ही औषधं गाळण्यांकडे रक्त नेणारी बारीक धमनी आकसवतात आणि टीजीएफ-बीटा वाढवतात. हा पदार्थ ऊतीत चिवट तंतू तयार करवतो, म्हणजे व्रण पाडतो. जे औषध किडनी वाचवतं तेच वर्षानुवर्षांत तिला थोडं थोडं झिजवतं. म्हणून डोस नुसता जास्त ठेवून निश्चिंत होता येत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सिम्फनी चाचणीत १,६४५ रुग्णांवर वेगवेगळ्या औषधयोजना ताडून पाहिल्या. मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइडच्या सोबतीने टॅक्रोलिमसची लेव्हल मिलिलिटरमागे ३ ते ७ नॅनोग्रॅम अशी कमी ठेवलेल्या गटाची किडनी वर्षअखेर सर्वांत चांगली चालत होती आणि रिजेक्शनही सर्वांत कमी होतं.

लेव्हलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे जनुक आणि जनुकाची सक्रियता यांची गल्लत नेहमी होते. सारख्याच वजनाच्या दोघांना टॅक्रोलिमसचा वेगवेगळा डोस का लागतो? बऱ्याचदा सीवायपी३ए५ या जनुकामुळे. ज्यांच्याकडे त्याची चालती आवृत्ती असते ते औषध लवकर फोडतात आणि त्यांना साधारण दीड ते दोन पट डोस लागतो. ही तपासणी खरोखरच जनुकाची, रक्तातून, आयुष्यात एकदाच. बायोप्सीतली मॉलिक्युलर तपासणी तशी नाही. ती त्या दिवसाची असते.

रिजेक्शन की विषाणू?

प्रतिकारशक्ती फार दाबली गेली की बीके नावाचा विषाणू डोकं वर काढतो. तो बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून गुपचूप असतो. बदललेल्या किडनीत तो वाढला की टी पेशी त्याच्यामागे धावत येतात, आणि तेव्हाही सीएक्ससीएल-९, सीएक्ससीएल-१०, ग्रॅन्झाइम-बी हीच मंडळी वर जातात. मायक्रोस्कोपखालीही तशीच सूज. रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं, बीके असेल तर कमी करायचं. उपचार नेमके उलटे!

जनुकांची तपासणी सर्वज्ञ आहे असं कुणी सांगत असेल, तर त्याला हे उदाहरण दाखवावं. सुजेची जनुकं या दोघांत फरक करत नाहीत. फरक कळतो तो विषाणूचं स्वतःचं जनुक किंवा प्रथिन त्या तुकड्यात शोधल्यावर, आणि रक्तातला विषाणू मोजल्यावर. ७७० च्या यादीत बीकेची जनुकंही घातली आहेत, ती याचसाठी.

मापच औषधाने हललं तर?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग हा. फार थोडे रुग्ण असे असतात की त्यांनी कोणत्याही कारणाने गोळ्या थांबवल्या आणि तरी वर्षानुवर्षं किडनी छान चालली. या अवस्थेला सहिष्णुता म्हणतात. २०१० साली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अशा लोकांच्या रक्तात बी पेशींची काही जनुकं जास्त सक्रिय असतात. मोठीच आशा निर्माण झाली. रक्त तपासायचं, ही खूण दिसली की गोळ्या हळूहळू बंद.

पण तुलना कुणाशी केली होती? सहिष्णू लोक एकही गोळी घेत नव्हते, आणि ज्यांच्याशी ताडून पाहिलं ते घेत होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने नेमका हाच प्रश्न विचारला. ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड यांसारखी औषधं त्या बी पेशींच्या जनुकांवर स्वतःच परिणाम करतात असं त्यात दिसलं. म्हणजे जिला सहिष्णुतेची खूण समजलो, तिचा बराचसा भाग गोळ्या नसल्याची खूण होता. औषधांचा परिणाम वजा करून नवी खूण शोधावी लागली.

हा धोका एका अभ्यासापुरता नाही. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या जनुकांचं कोणतंही वाचन म्हणजे दोन गोष्टींची बेरीज असते: किडनीत काय चाललंय, आणि गोळ्यांनी काय बंद ठेवलंय. शांत आलेख म्हणजे निरोगी किडनी असेल, किंवा औषधाच्या भाराखाली दबलेली प्रतिकारशक्ती असेल. आलेख दोन्हीकडे सारखाच.

याच गोष्टीचा फायदा मात्र उलट बाजूने घेता येतो. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये संशोधकांनी सायक्लोस्पोरिनची गोळी घेतल्यावर दोन तासांनी रक्त घेऊन त्यात एनफॅटवर अवलंबून असलेली तीन जनुकं किती उरली हे मोजलं. रक्तात औषध किती आहे हे लेव्हल सांगते. औषधाने काम किती केलं हे ही जनुकं सांगतात. लेव्हल सारखी असलेल्या दोघांत हे काम सारखं झालेलं नसतं. ज्यांच्यात ही जनुकं अतिशय दबलेली होती त्यांना संसर्ग जास्त होताना दिसला.

सुई न टोचता कळणार नाही का?

थोडंफार कळतं. किडनीत घुसलेल्या पेशी लघवीतही उतरतात. २०१३ साली न्यूयॉर्कच्या मनीकम सुथंतिरन यांच्या गटाने ४८५ रुग्णांच्या लघवीचे सुमारे ४,३०० नमुने तपासले. त्यातल्या तीन आरएनएंच्या प्रमाणावरून रिजेक्शनचा अंदाज बांधता येतो, आणि हे प्रमाण बायोप्सीच्या आधीच्या काही आठवड्यांतच चढू लागतं, असं त्यांना आढळलं. क्रिएटिनिन उशिरा बोलतं, त्याच्या तुलनेत ही मोठी आघाडी आहे.

तरीही आगाऊ कळणं आणि त्याचा उपयोग होणं यांत अंतर आहे. लघवीतलं सीएक्ससीएल-१० प्रथिन मोजून त्यानुसार उपचार ठरवणारी एक चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या मोजण्याने रुग्णांची वर्षभराची स्थिती सुधारली नाही. संसर्गानेही हे प्रथिन वाढतं, हे आपण वर पाहिलंच.

रक्तातल्या ‘दात्याच्या डीएनए’ची तपासणी याहून वेगळी. ती सक्रियता मोजत नाही. किडनीच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात, त्यांचं प्रमाण ती मोजते. किती पेशी मरताहेत हे कळतं, कुणाच्या हातून ते कळत नाही.

रिपोर्ट चांगला आला, मग गोळ्या कमी करू?

स्वतःहून, अजिबात नाही. शांत रिपोर्ट गोळ्या चालू असताना काढलेला असतो. अनियमित गोळ्या घेणाऱ्यांत दात्याविरुद्ध नव्या अँटिबॉडी तयार होण्याचा धोका वाढतो, आणि त्या एकदा तयार झाल्या की त्यांना घालवणारं भरवशाचं औषध नाही. त्या गुपचूप तयार होतात, क्रिएटिनिन तोवर नॉर्मल असू शकतं.

मॉलिक्युलर रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना विचारण्यासारखं बरंच असतं, पण एक प्रश्न विसरू नये: बायोप्सीच्या आधीच्या दिवसांत कोणती औषधं, किती दिली होती? पुष्कळदा क्रिएटिनिन चढल्याबरोबर संशयावरूनच स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू होतात आणि बायोप्सी दोन दिवसांनी होते. तोवर सुजेची जनुकं खाली आलेली असू शकतात, आणि तारखा न बघता वाचणाऱ्याला ती किडनी आहे त्यापेक्षा बरी वाटेल.